व्हिडिओ एसेची घडण: आवाज, चित्र आणि कॉपीराइट

सांगली-मिरजेकडे चित्रपट करू पाहणारी मुले पूर्वी शॉर्टफिल्मपासून सुरुवात करत. आता त्यांच्यातली काही जण आधी व्हिडिओ एसेकडे, म्हणजे चित्रपटाची दृश्ये आणि त्यावरचे निवेदन जोडून केलेल्या निबंधाकडे, वळतात आणि त्याचे कारण उघड आहे. नट, लोकेशन आणि लाइट यांची जुळवाजुळव न करता, एक लॅपटॉप आणि एखादा आवडता चित्रपट एवढ्यावर एडिटिंग आणि निवेदन दोन्हींचा हात बसतो. मात्र नमुना म्हणून त्यांच्यासमोर असतात ते बहुतेक गेल्या दहा-बारा वर्षांतले यूट्यूबवरचे व्हिडिओ, आणि त्यांना ते विशिष्ट वळण कशामुळे लागले हे ठाऊक नसल्याने त्या व्हिडिओंच्या अडचणीसुद्धा शैली समजून उचलल्या जातात.

मुळात हा प्रकार यूट्यूबच्या कितीतरी आधीचा आहे. हान्स रिश्टर या जर्मन चित्रकार-दिग्दर्शकाने १९४० मध्ये लिहिलेल्या एका लेखात चित्रपट-निबंधाची कल्पना मांडली. जे डोळ्यांना दिसत नाही, म्हणजे विचार, समजुती, एखाद्या व्यवस्थेचे चालणे, ते दृश्यरूपाने मांडणारा माहितीपट त्यांना अभिप्रेत होता. फ्रान्समध्ये १९४८ साली समीक्षक-दिग्दर्शक आलेक्सांद्र आस्त्रूक यांनी दिग्दर्शकाने कॅमेरा लेखणीसारखा वापरावा असे म्हटले. या सगळ्याला खरा आकार आला तो फ्रेंच दिग्दर्शक क्रिस मार्कर यांच्या ‘लेटर फ्रॉम सायबेरिया’मध्ये. त्यात याकुत्स्क शहरातल्या रस्त्याची तीच ती दृश्ये (एक बस, एक मोटार, रस्ता सपाट करणारे कामगार) पुन्हा पुन्हा दाखवली जातात आणि दर वेळी निवेदन बदलते: एकदा सोव्हिएत राजवटीची वाहवा, एकदा तिची निंदा, एकदा तटस्थ वाटणारे वर्णन. समीक्षक आंद्रे बाझँ यांनी १९५८ मध्ये या चित्रपटावर लिहिताना नेमके बोट ठेवले. इथली जोडणी एका शॉटची पुढच्या शॉटशी नसून कानाने ऐकलेल्याची डोळ्याने पाहिलेल्याशी आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. व्हिडिओ एसे शिकणाऱ्याने दुसरे काही वाचले नाही तरी चालेल, पण हा मुद्दा त्याला चुकवता येणार नाही.

तो पडताळून पाहायला सायबेरिया गाठावा लागत नाही. पावसाळ्यात सांगलीच्या आयर्विन पुलाच्या कमानींखालून जाणाऱ्या गढूळ कृष्णेचा एकच लांब शॉट घ्यावा. त्यावर एकदा पाणीपातळीचे निवेदन ठेवावे, कारण इथली धोका पातळी ४५ फुटांची आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. एकदा संस्थानी काळात हा पूल कसा उभा राहिला ते सांगावे, आणि एकदा कठड्याला टेकून पाणी बघायला येणाऱ्या माणसांविषयी बोलावे. पहिल्या वेळी तेच पाणी चढत असल्यासारखे दिसते आणि तिसऱ्या वेळी त्याच्याकडे फारसे लक्षही जात नाही.

आवाज पुढे आणि दृश्य त्याच्या मागोमाग ही रचना सांगलीला परकी नाही. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने ‘सीतास्वयंवर’ सादर केले, तेव्हा सूत्रधार पदे गाऊन कथा पुढे नेई आणि पात्रे तिला धरून अभिनय व आयत्या वेळी सुचेल ते भाषण करीत. निबंधाचीही परंपरा इथे आहे. लघुनिबंध मराठीत रुजवणाऱ्यांपैकी वि. स. खांडेकर यांचा जन्म सांगलीचा, १८९८ चा, आणि १९३६ च्या ‘छाया’पासून त्यांनी चित्रपटकथाही लिहिल्या. तरी निबंधकार खांडेकर आणि पटकथाकार खांडेकर एका कृतीत एकत्र आले नाहीत. निबंधाला तेव्हा दौत-टाक पुरे होता. चित्रपटाला कंपनी लागे.

चित्रपटाविषयी लिहिणाऱ्यांची अडचण निराळी होती. कवितेवर लिहिताना ओळ उद्धृत करता येते, चित्रपटाची ओळ कागदावर कशी उतरवणार, हा प्रश्न फ्रेंच चित्रपट-अभ्यासक रेमाँ बेलूर यांनी १९७५ मध्ये मांडला होता. आपल्याकडे चित्रपटाचा अभ्यास म्हणजे पुणे. तिथे १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट आणि १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झाले, आणि सतीश बहादूर यांच्यासारखे प्राध्यापक चित्रपट रसास्वाद शिकवू लागले. व्हिडिओ कॅसेट, डीव्हीडी आणि २००५ मध्ये आलेले यूट्यूब यांनी उद्धृत करण्याची ती कोंडी टप्प्याटप्प्याने फोडली. आता समीक्षक प्रत्यक्ष क्लिपच उद्धृत करू शकत होता.

पण लगेच कॉपीराइट आडवा आला. केव्हिन ली या अमेरिकी समीक्षकाचे यूट्यूब खाते २००९ मध्ये कॉपीराइटच्या तक्रारींवरून बंद करण्यात आले आणि बराच गदारोळ झाल्यावर परत मिळाले. पुढे २०१४ ते २०१६ या काळात टोनी झोउ आणि टेलर रामोस यांची ‘एव्हरी फ्रेम अ पेंटिंग’ ही यूट्यूबवरची व्हिडिओ एसेंची मालिका जगभर पाहिली गेली. मालिका थांबवल्यानंतर त्यांनी जे लिहिले ते प्रत्येक शिकाऊ माणसाने वाचावे असे आहे. क्लिपची लांबी, उदाहरणांची संख्या, निवेदन आणि मूळ आवाज यांची वीण, दृश्ये उलटी करणे, एकूण लय, हे जवळजवळ सारे यूट्यूबच्या कॉपीराइट ओळखणाऱ्या यंत्रणेला चुकवण्यासाठी ठरवले होते, असे त्यांनी सांगून टाकले. म्हणजे तीन-चार सेकंदांत शॉट बदलण्याची जी घाई आज आपल्याकडचे विद्यार्थी ‘पेस’ (गती) म्हणून घोटवतात, तिचा उगम बराचसा एका सॉफ्टवेअरच्या भीतीत आहे. मार्कर यांना अशी भीती नव्हती. त्यांचे शॉट हवे तितके थांबतात.

भारतातला कायदा या बाबतीत वाटतो तितका कडक नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ समीक्षेसाठी रास्त वापराला मुभा देते, आणि ‘दहा सेकंदांपर्यंत चालते’ असा जो समज मुलांमध्ये आहे, तशी सेकंदांची मर्यादा त्यात कुठेही नाही. किती वापर रास्त, हे प्रकरणागणिक ठरते. अडचण अशी की यूट्यूबची यंत्रणा आधी क्लेम, म्हणजे मूळ मालकाचा हक्कदावा, लावते. कायद्याचा विचार त्यानंतर, आणि तोही तुम्ही दाद मागितली तर.

चित्रपटांवरचा निबंध आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या जागेवरचा निबंध या दोन वाटा एकत्र आणणारे काम म्हणजे अमेरिकी दिग्दर्शक थॉम अँडरसन यांचा चित्रपट ‘लॉस एंजेलिस प्लेज इटसेल्फ’ (२००३). ते शहर पडद्यावर कसकसे दिसले याचा तो हिशेब आहे. असे काम करायचे म्हटले तर सांगलीच्या मुलांना शेजारच्या सातारा जिल्ह्यात विषय तयार आहे. वाई-मेणवलीचा परिसर ‘गंगाजल’मध्ये बिहार झाला, ‘स्वदेस’, ‘ओंकारा’ आणि ‘दबंग’मध्ये उत्तर प्रदेश झाला; स्वतःच्या नावाने तो हिंदी पडद्यावर क्वचितच आला. या चित्रपटांतल्या मोजक्या क्लिप घेता येतील आणि नदीकाठच्या त्याच घाटावर, त्याच कोनातून कॅमेरा लावून आजचे चित्रणही करता येईल. त्या स्वतःच्या चित्रणावर कोणाचा क्लेम येत नाही, त्यामुळे तो शॉट निवेदनाला लागेल तितका वेळ चालू ठेवता येतो.