‘अमे’ आणि ‘आपणे’: परदेशी वाढलेल्या मुलांची गुजराती कुठे अडते

मराठी माणसाला हा फरक शिकवावा लागत नाही. ‘आम्ही निघतो’ म्हटलं की ऐकणारा जागीच राहतो. ‘आपण निघू या’ म्हटलं की तोही चपला शोधतो. गुजरातीत हीच जोडी ‘अमे’ आणि ‘आपणे’. ‘आम्ही’ आणि ‘अमे’ दोघे प्राकृतातल्या ‘अम्हे’चे वारस, तर ‘आपण’ आणि ‘आपणे’ यांचं मूळ संस्कृत ‘आत्मन्’.

१९७२ मध्ये युगांडातून हाकलल्या गेलेल्या कितीतरी गुजराती कुटुंबांनी इंग्लंडमधलं लेस्टर शहर गाठलं. त्यांच्या नातवंडा-पतवंडांच्या डोक्यात मात्र इंग्रजीचं एकच ‘वी’ असतं. हिंदी सिनेमाचाही उपयोग नाही, तिथे ‘हम’ एकच.

चूक सगळ्यांची सारखी नसते, आणि शिकवणाऱ्याने आधी हे ओळखायला हवं. घरात गुजराती ऐकणारं मूल ‘आपणे’ जास्त वापरतं. आईबाप त्याच्याशी त्याला धरूनच बोलतात: ‘चालो, आपणे जमीए’ (चला, जेवू या). ‘अमे’ कानावर पडतं ते मोठी माणसं फोनवर दुसऱ्या कुणाशी बोलताना. मग हे मूल शनिवारच्या गुजरातीच्या वर्गात सांगतं, ‘रविवारे आपणे मंदिर जईशुं’ (देवळात जाऊ), आणि बाईंना आयतंच आमंत्रण मिळतं. लग्न होऊन घरात आलेली इंग्रज सून उलट चुकते. पुस्तकात ‘वी’पुढे पहिला शब्द ‘अमे’ असतो, म्हणून ती सगळीकडे तोच घालते. सासूसमोर ‘आ अमारुं घर छे’ म्हटलं, तर व्याकरण बरोबर आणि भांडण तयार.

रूपं फार नाहीत: अमे, अमने, अमारुं, आपणे, आपणने, आपणुं. क्रियापद दोन्हींना एकच, त्यामुळे ‘जईशुं’वरून काही कळत नाही, सगळा भार सर्वनामावर. खरा खड्डा आहे तो ‘जावं लागेल’ या अर्थाच्या वाक्यात. ‘आपणे जवुं पडशे’ यात ‘आपणे’ जसंच्या तसं राहतं, पण ‘अमे’चं ‘अमारे’ होतं: ‘अमारे जवुं पडशे’. मुलं पहिल्या वाक्यावर बेतून ‘अमे जवुं पडशे’ म्हणतात. हे रूप पहिल्या दिवशी शिकवूच नये. आधी फरक कानात बसू द्या, ‘अमारे’ त्यानंतर.

गुजराती शिकणाऱ्या मराठी माणसाचे खड्डे वेगळे, कारण त्याला वाटतं आपल्याला हे येतंच. मराठीत ‘आपण बसा’ हे आदरार्थी ‘तुम्ही’ असतं. गुजरातीत त्यासाठी ‘आप’ किंवा ‘तमे’ आहे, ‘आपणे बेसो’ चालत नाही. ‘तो आपल्या घरी गेला’ याचं गुजराती ‘ते पोताना घरे गयो’. ‘आपणा घरे’ म्हणाल तर तो तुमच्या-आमच्या घरी पोहोचतो.

वर्गात व्याख्या सांगून हे बसत नाही. जमिनीवर दोरीचं कडं करा, त्यात तीन मुलं उभी करा, चौथं बाहेर. आतल्या एकाने बाहेरच्याला सांगायचं, ‘अमे रमीए छीए’ (आम्ही खेळतोय). मग बाहेरच्याला आत ओढायचं आणि वाक्य बदलायचं, ‘आपणे रमीए छीए’. दहा मिनिटं पुरतात. तेच नंतर वस्तूंवर: ‘अमारी गाडी’, ‘आपणी गाडी’. वाक्य म्हणताना मुलाने ऐकणाऱ्याकडे बघायलाच हवं. वहीत बघून म्हटलं तर फरक पुन्हा कागदावरच राहतो.

ब्रिटनमध्ये जीसीएसई या शालेय परीक्षेच्या गुजराती विषयात ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं यांना प्रत्येकी २५ टक्के गुण असतात. घर, सुट्टी, सण यांवर परीक्षकाशी बोलताना जवळपास दर वेळी ‘अमे’च लागतं, कारण परीक्षक त्या सहलीला आलेला नसतो. घरच्या सवयीचं ‘आपणे’ नेमकं तिथे तोंडून निसटतं.

चूक झाली की ‘खोटुं छे’ (चुकलं) म्हणून थांबवू नका. ‘आपणे मंदिर जईशुं’ ऐकल्यावर फक्त विचारा, ‘हुं पण आवुं?’ (मी पण येऊ?) मूल क्षणभर गोंधळतं, हसतं आणि स्वतःच म्हणतं, ‘ना, ना, अमे जईशुं.’