प्रोसेसर बसलाय वाट बघत

भाच्यानं मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारातून आणलेलं नव्या पीसीचं कोटेशन माझ्यापुढे ठेवलं. एका पाठकोऱ्या बिलावर निळ्या बॉलपेननं खरडलेलं: 'आय७, एच६१ बोर्ड नवीन, ८ जीबी, एसएसडी'. खालची रक्कम बघून पोरगं हरखलं होतं. "मामा, एवढ्यात आय७ बसतोय!"

"कुठला आय७?"

"आय७ म्हणजे आय७ ना?"

तर नाही. आय७ हा इंटेलचा प्रोसेसर, आणि एच६१ हा तो ज्यावर बसतो त्या मदरबोर्डचा चिपसेट, २०११ सालचा. त्यावर बसणारा आय७ म्हणजे २६०० नाहीतर ३७७०, कुठल्या तरी ऑफिसातून निघालेल्या जुन्या डेस्कटॉपमधून काढलेला. बोर्डाची खोकी नवी, म्हणून सगळा पीसी 'नवीन'. आय३, आय५, आय७ हा त्या त्या वर्षीच्या वर्गातला नंबर असतो. वर्ग, म्हणजे पिढी कुठली, ते त्यापुढचा आकडा सांगतो. २६००मधला २ म्हणजे दुसरी, १२१००मधले १२ म्हणजे बारावी. दुसरीतला पहिला आलेला मुलगा हुशार असेलही, पण गणितं बारावीची आहेत. २०२२च्या आय३-१२१०० मध्येही आय७-२६००सारखेच चार कोअर (काम करणारे भाग) आणि आठ थ्रेड (एका वेळी चालणाऱ्या कामांच्या रांगा) आहेत, आणि तरी तो त्याला सहज मागे टाकतो. शिवाय विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि विंडोज ११ला मोजके अपवाद सोडले तर इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचाच प्रोसेसर अधिकृतपणे चालतो. भाचा पीसी बदलायला निघाला तो याच कारणानं. त्याचा चौथ्या पिढीचा काढून दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचा घेणं म्हणजे एसटी चुकली म्हणून बैलगाडीत बसण्यातला प्रकार.

पण मला खटकलं ते आय७ नव्हे, '८ जीबी' हे दोन शब्द. म्हणजे रॅम, चालू कामाचा डेटा ठेवायची मेमरी. एकच स्टिक (रॅमची पट्टी), वेग लिहिलेला नाही. २०२५च्या शेवटी रॅमचे भाव भडकले. एआयच्या डेटा सेंटरांना लागणारी मेमरी आणि आपली रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तिघांच्याच कारखान्यांतून प्रामुख्यानं निघते. मायक्रॉननं तर डिसेंबरमध्ये ग्राहकांसाठीचा आपला क्रूशियल ब्रँडच गुंडाळायचं जाहीर केलं. साहजिकच लोक रॅमवर हात आखडता घेतात आणि उरलेले पैसे प्रोसेसरच्या नावावर लावतात. बिलातल्या सगळ्या वस्तूंत प्रोसेसर हीच बहुतेक वेळा रिकामी बसलेली वस्तू असते, हे त्यांना कोणी सांगत नाही. ती कशाची वाट बघते, तर रॅमची. का बघते, हे मला फार आवडतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

रॅमच्या एका चिपमध्ये अब्जावधी कप्पे असतात. कप्पा म्हणजे एक कपॅसिटर आणि त्याच्या तोंडाशी झडपेसारखा एक ट्रान्झिस्टर, बस्स. ही कल्पना आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांची, १९६६ची. कपॅसिटर भरलेला असला तर १, रिकामा असला तर ०. पण हा माठ पाझरतो. भरून ठेवलेला विद्युतभार हळूहळू गळून जातो, म्हणून रॅममधली प्रत्येक ओळ ६४ मिलिसेकंदांच्या आत पुन्हा भरावी लागते. म्हणजे सेकंदाला पंधरा-सोळा वेळा सगळी रॅम स्वतःला विसरता विसरता आठवत असते. वीज गेल्यावर सेव्ह न केलेली फाइल जाते ती यामुळेच.

वाचण्याची रीत तर त्याहून गमतीची. कप्पा भरलाय का, हे डोकावून बघायची सोय नाही. कप्प्याबाहेर एक लांब तार असते, ती आधी बरोबर अर्ध्या विद्युतदाबावर आणून ठेवतात. मग झडप उघडली की कप्प्यातला भार तारेत मिसळतो. तार कप्प्याच्या मानानं एवढी मोठी की अर्ध्या भरलेल्या हौदात तांब्या ओतल्यासारखं होतं: पातळी केसभर वर जाते, किंवा कप्पा रिकामा असला तर केसभर खाली. तारेच्या टोकाला बसलेलं एक मंडल (सर्किट) तो केसभर फरक ओळखतं आणि तारेला पूर्ण वर किंवा पूर्ण खाली ढकलतं. त्या ढकलण्यातूनच कप्पा परत पहिल्यासारखा होतो, कारण वाचताना तो विसकटलेला असतो. आणि हे एकेका कप्प्याचं होत नाही. आठ चिपांच्या नेहमीच्या डीडीआर४ (डीडीआर रॅमची चौथी पिढी) स्टिकमध्ये ८ किलोबाइटची अख्खी ओळ एकदम उघडते. त्या उघड्या ओळीतला हवा तो तुकडा मग उचलायचा. दुसरी ओळ हवी असली तर ही मिटायची, तार पुन्हा अर्ध्यावर आणायची आणि पहिल्यापासून सुरुवात.

स्टिकवरच्या लेबलवर १६-१८-१८-३८ असे आकडे असतात, ते हेच. पहिला आकडा उघड्या ओळीतून तुकडा उचलायचा, दुसरा ओळ उघडायचा, तिसरा मिटायचा आणि चौथा ओळ रॅमच्या घड्याळाचे किमान किती ठोके उघडी ठेवायची त्याचा. डीडीआर४-३२०० चं खरं घड्याळ १६०० मेगाहर्ट्‌झचं, कारण दर ठोक्याला डेटा दोनदा जातो. एक ठोका ०.६२५ नॅनोसेकंदाचा. ओळ उघडीच असली तर १६ ठोके, म्हणजे १० नॅनोसेकंद. भलतीच ओळ उघडी असली तर १८ अधिक १८ अधिक १६, एकूण ५२ ठोके, साडेबत्तीस नॅनोसेकंद. प्रोसेसरपासून रॅमपर्यंतच्या मधल्या टप्प्यांतून जाणंयेणं धरलं की प्रत्यक्षात सत्तर-ऐंशी नॅनोसेकंद लागतात. ४ गिगाहर्ट्‌झच्या प्रोसेसरचे तेवढ्यात सुमारे तीनशे ठोके होऊन गेलेले असतात.

आता हे बघा. डीडीआर३-१६०० चा पहिला आकडा ९ असला तर होतात सव्वाअकरा नॅनोसेकंद. डीडीआर४-३२०० आणि १६, दहा नॅनोसेकंद. डीडीआर५-६००० आणि ३०, पुन्हा दहाच! तीन पिढ्या झाल्या, तांब्या आणि हौद तेच राहिले. वाढला तो नळाचा घेर: एकदा पाणी यायला लागलं की धबाधबा येतं.

म्हणून काम दोनच गोष्टींनी हलकं होतं. एक, प्रोसेसरमधली कॅश, म्हणजे त्याच्या हाताशी असलेला छोटा साठा. एएमडी कंपनीच्या रायझन ५ ५६०० या प्रोसेसरमध्ये तिसऱ्या पातळीची कॅश ३२ मेगाबाइट आहे, ५६००जी मध्ये १६. दुसरी गोष्ट नळांची संख्या. डीडीआर४-३२०० ची एक स्टिक सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ गिगाबाइट देते. तेवढ्याच क्षमतेच्या दोन स्टिक दोन वेगळ्या चॅनलांवर, म्हणजे प्रोसेसरकडे जाणाऱ्या दोन वाटांवर, बसवल्या तर ५१.२. वाट बघण्याचा वेळ यानं कमी होत नाही, पण रांग दुप्पट वेगानं सरकते. ज्याच्याकडे वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही त्याला याचा फायदा सगळ्यात जास्त, कारण त्याचं ग्राफिक्सही याच रॅमवर जेवतं.

आता खरेदी. भाच्याचं काम कॉलेजचं कोडिंग, थोडं व्हिडिओ एडिटिंग आणि, तो नाही म्हणाला तरी, गेम. ग्राफिक्स कार्डाला पैसे नाहीत. त्याला मी ५६००जी सांगितला: सहा कोअर, बारा थ्रेड, ग्राफिक्स आतच. बोर्ड बी४५० किंवा बी५५०. बी४५० घेतला तर बायोस (पीसी सुरू करणारं, बोर्डावरचं सॉफ्टवेअर) नवं आहे ना हे दुकानातच विचारायचं, नाहीतर घरी येऊन काळा पडदा. इंटेलकडे जायचं तर आय३-१२१०० आणि एच६१० बोर्ड, पण या सॉकेटला (प्रोसेसर बसायच्या जागेला) डीडीआर४चेही बोर्ड मिळतात आणि डीडीआर५चेही, नावात फरक एखाद्या अक्षराचा. खाच वेगळी असल्यानं एकाची रॅम दुसऱ्यात जात नाही. त्याच कारणानं भाच्याची जुनी डीडीआर३ कुठेच चालणार नाही. नावामागे एफ असलेला इंटेल थोडा स्वस्त असतो, कारण त्यात ग्राफिक्स चालू नसतं. मदरबोर्डवर याहून जास्त विचार बजेटमध्ये करू नये. चमचमणारे दिवे असलेला तर नकोच.

आणि 'रॅम क्लीनर' किंवा 'रॅम बूस्टर' नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळालं तरी घेऊ नका. विंडोज मोकळ्या रॅममध्ये पुढे लागेल असा डेटा मुद्दाम धरून ठेवतं. ते बूस्टर तो हाकलून देतं आणि आकडा मोठा दाखवून खूश करतं. त्यापेक्षा ताईचं बरं. ती खंडेनवमीला 'सीपीयू'ला हळदकुंकू लावते. (आपल्याकडे अख्ख्या डब्यालाच सीपीयू म्हणतात, खरा सीपीयू बिस्किटाएवढा असतो.) मागच्या वर्षी झेंडूची माळ नेमकी पुढच्या पंख्यावर आली आणि संध्याकाळपर्यंत पीसी तापून दोनदा बंद पडला. घरात चर्चा झाली ती पूजेत काय चुकलं याची.

शनिवारी आम्ही दोघं परत गेलो. दुकानदारानं १६ जीबीची एक स्टिक पुढे केली. "दोन घेऊन काय करणार साहेब, एकच टाका, पुढे वाढवता येईल." मी ८च्या दोन मागितल्या. त्यानं 'बरं' म्हणून आत हाक मारली.

घरी जोडणी झाली. आम्ही घेतलेल्या बोर्डावर चार खाचा, त्यातल्या प्रोसेसरपासून मोजून दुसरी आणि चौथी अशा स्टिक बसवल्या. पीसी सुरू झाला, भाचा नाचला. मी बायोस उघडलं. मेमरीचा वेग २१३३. लेबलवर ३२००, पैसे ३२००चे, आणि बोर्ड आपला सावधपणे जुन्या चालीनं चाललेला. बहुतेक घरांत तो तसाच चालत राहतो, कारण हे पान कोणी उघडत नाही. एक्सएमपी नावाची, लेबलवरचा वेग चालू करायची ओळ शोधली, डिसेबल्डचं एनेबल्ड केलं, एफ१० दाबलं. पडदा काही सेकंद काळा झाला, तेवढ्यात ताई आतून म्हणाली, "बिघडवलात ना?"

मग ३२०० दिसलं.