वीरगळ: लेख नसलेला दगड वाचायचा कसा आणि राखायचा कसा

वेशीवर, देवळाच्या आवारात किंवा पाराला टेकून ढाल-तलवारवाल्या वीराचा उभा दगड महाराष्ट्रात गावोगाव दिसतो. वाई तालुक्यातल्या किकलीत तर भैरवनाथाच्या आवारात त्यांची रांगच आहे. लढाईत, गाईगुरं सोडवताना किंवा वाघ-डुकराशी झुंजताना मेलेल्या माणसाचं हे स्मारक, म्हणजेच वीरगळ. शिलाहार आणि यादवांच्या काळात ते मोठ्या संख्येनं उभारले गेले. प्रथा पुढं मराठेशाहीपर्यंत टिकली, पण कोरीवकाम साधं होत गेलं.

वीरगळ खालून वर वाचतात. तळाच्या चौकटीत लढाई किंवा आडवा पडलेला वीर. मागं गाई असतील तर गोधनासाठीची झुंज. त्यावर अप्सरा त्याला स्वर्गात नेतात. त्याच्या वर तो शिवलिंगाची पूजा करताना दिसतो, आणि माथ्यावर कलश, चंद्र-सूर्य. शेजारी कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात असेल तर ती सतीशिळा.

महाराष्ट्रातल्या बहुतेक वीरगळांवर नाव नाही, साल नाही. काळ ठरतो तो केशरचना, धोतराचा काचा, ढालीचा आकार, खोगीर असल्या बारकाव्यांवरून. बोरिवलीच्या एकसरमधल्या शिळा हे याचं सर्वांत चांगलं उदाहरण. १८८२ च्या ठाणे गॅझेटियरात तिथल्या सहा शिळांची नोंद आहे: चार मोठ्या, दोन लहान. मोठ्या सुमारे १० फूट उंच. काहींवर वल्ह्यांची लढाऊ जहाजं कोरली आहेत. वाचता येईल असा लेख नाही. तरी जहाजांवरून अभ्यासकांनी त्यांचा संबंध शिलाहार सोमेश्वर आणि यादव महादेव यांच्यातल्या, १२६५ च्या सुमाराच्या आरमारी लढाईशी जोडला. सोमेश्वर समुद्रात बुडाल्याचं यादवांचा मंत्री हेमाद्री याच्या प्रशस्तीत, म्हणजे यादवांच्या स्तुतिकाव्यात, आहे. काहींनी मात्र या शिळा त्याआधीच्या, अकराव्या शतकातल्या मानल्या. हा वाद चालवायचा तर वल्ही, डोलकाठ्या आणि माणसांची शस्त्रं नीट दिसायला हवीत.

ऑइलपेंट नेमकं तेच बुजवतो. जीर्णोद्धाराच्या उत्साहात दरवर्षी एक हात बसला की पाच-सहा वर्षांत बोटं, दागिने, लगाम सपाट होतात. शिवाय रंगाचा पापुद्रा ओल आत कोंडतो. पुढं तो सोलतो तेव्हा आधीच झिजलेला दगडाचा थर सोबत घेऊन येतो. तेलात कालवलेल्या शेंदराचंही तेच, फक्त तो जाड होत जातो आणि कधी तरी कवचासारखा गळून पडतो. पूजेतल्या दगडाचा शेंदूर गावाच्या संमतीशिवाय काढू नये. काढायचा तर ते रसायनतज्ज्ञाचं काम.

सिमेंटचा चौथरा याहून वाईट. काळा पाषाण पाणी फारसं शोषत नाही, पण सच्छिद्र किंवा भेगाळलेल्या दगडात जमिनीतली ओल चढते. सिमेंटमधले क्षार तिच्यात विरघळतात, पाणी उडालं की स्फटिक बनून फुगतात आणि तळाच्या चौकटीच्या खपल्या पडतात. म्हणजे लढाईचंच दृश्य आधी जातं.

साफसफाई थोडी आणि मऊ हातानं करावी. आधी फोटो. मग साधं, क्षार नसलेलं पाणी (बोअरचं मचूळ पाणी नको), मऊ नायलॉनचा ब्रश, सांदीतल्या मातीला बांबूची काडी. शेवाळ-दगडफूल आधी भिजवून सैल करावं. कोरडं खरवडलं तर दगडाचे कण निघतात. हट्टी थरासाठी संवर्धक २-३ टक्के अमोनियाचं द्रावण वापरतात, ते त्यांच्याकडेच राहू द्यावं. तारेचा ब्रश, ग्राइंडर, ॲसिड यांपैकी काहीही दगडाला लावू नये. फोटोसाठी कोरीवकामात खडू किंवा पीठ भरणंही नको. सकाळ-संध्याकाळची तिरपी उन्हं किंवा बाजूनं धरलेली बॅटरी त्याहून जास्त दाखवते. उंची, रुंदी, जाडी, चौकटींची संख्या, तोंडाची दिशा आणि जीपीएस स्थान लिहावं.

पडलेला दगड उभा करायचा तर वजनाचा अंदाज आधी घ्यावा: दीड मीटर उंच, अर्धा मीटर रुंद, २० सेंटिमीटर जाड दगड सव्वाचारशे किलोंच्या आसपास भरतो. साखळी किंवा पहार नको, रुंद पट्टे आणि गोणपाट हवेत. खालचा न कोरलेला भाग गाडण्यासाठीच असतो. तो पूर्ण गाडावा. खड्ड्याच्या तळाशी खडी, भोवती मुरूम ठासून, वर हवा तर चुना-वाळूचा थर, आणि पाणी बाहेर वाहील असा उतार.

हे सगळं राज्याच्या पुरातत्त्व खात्याला कळवूनच. १०० वर्षांहून जुनं शिल्प १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येतं. नांगरताना किंवा पाया खणताना वीरगळ सापडला तर १८७८ च्या निखात निधी (जमिनीत दडलेला ठेवा) कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना खबर द्यावी लागते. सोसायटीच्या बागेत शोभेला नेऊन ठेवणं ही चूक शहरांलगत वारंवार होते, आणि मग तो मूळ कुठल्या शिवारातला हे सांगणारं कुणी उरत नाही.