शालेय विज्ञान व आरोग्य पुस्तके

शाळकरी मुलांना निसर्गाचे नियम, स्वतःचे शरीर आणि रोगांपासून बचाव यांची ओळख करून देणारी पुस्तके. नेमलेली पाठ्यपुस्तके, प्रयोगपुस्तिका, पूरक वाचनाची पुस्तके, चित्रतक्ते आणि शिक्षकांसाठीची हस्तपुस्तके यांत येतात. बहुतेक अभ्यासक्रम विज्ञान आणि आरोग्य हे विषय वेगळे ठेवतात, आणि त्यात दोघांचेही नुकसान होते. विज्ञानाच्या पुस्तकात व्याख्या उरतात, आरोग्याच्या पुस्तकात आज्ञा. ‘हात साबणाने धुवा’ हे मूल पाठ करते. पण साबणाचा रेणू एका टोकाने पाण्याला आणि दुसऱ्या टोकाने तेलकटपणाला धरतो, म्हणून त्वचेवरचा तेलकट थर जंतूंसकट सुटून वाहून जातो, हे त्याच पानावर क्वचितच सापडते.

मुलांसाठी सचित्र पुस्तकाची कल्पना जुनी आहे. योहान आमोस कोमेनियस यांचे जगातील वस्तूंची चित्रांतून ओळख करून देणारे लॅटिन-जर्मन पुस्तक १६५८ साली न्यूरेंबर्ग येथे छापले गेले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जेन मार्सेट यांनी रसायनशास्त्र शिक्षिका आणि दोन मुली यांच्या संवादातून मांडले. पुस्तके बांधण्याचे काम शिकणाऱ्या मायकेल फॅराडे यांना रसायनाची गोडी लागली ती याच पुस्तकामुळे. पुढे फॅराडेंनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसमोर मेणबत्तीवर दिलेली सहा व्याख्याने १८६१ साली पुस्तकरूपाने आली. शेवटच्या व्याख्यानात ते ज्योतीवरून थेट श्वासावर येतात. जळणाऱ्या मेणबत्तीवरची हवा चुन्याच्या निवळीला दुधाळ करते आणि आपला उच्छ्वासही तेच करतो. विज्ञान आणि शरीर इतक्या सहजपणे एकत्र आणणारा पाठ आजही दुर्मीळ आहे.

आरोग्याच्या पुस्तकांचा आरंभ मात्र बऱ्याच अंशी धाकातून झाला. अमेरिकेत मेरी हंट यांच्या नेतृत्वाखालील दारूबंदी चळवळीने शाळांत मद्याच्या दुष्परिणामांचे शिक्षण सक्तीचे करवले. १८८२ मध्ये व्हर्मांटपासून सुरू झालेले हे कायदे १९०१ पर्यंत सर्व राज्यांत पोहोचले, आणि पाठ्यपुस्तके चळवळीच्या पसंतीला उतरावी लागू लागली. हेतू चांगला होता, तरी अतिशयोक्त विधाने शरीरशास्त्र म्हणून छापली गेली. भीती घालणाऱ्या पुस्तकातील एक गोष्ट खोटी निघाली की मूल उरलेल्या खऱ्या गोष्टींवरही विश्वास ठेवत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर उद्ध्वस्त देशांतील शाळांसाठी युनेस्कोने एक छोटी पुस्तिका काढली. तिचाच विस्तार होऊन १९५६ साली विज्ञान शिक्षकांसाठीचे आकरपुस्तक तयार झाले आणि अनेक भाषांत गेले. डबे, बाटल्या, काड्या, सुतळी अशा हाताशी असलेल्या सामानातून प्रयोग कसे मांडायचे, हे त्यात दाखवले होते. प्रयोगशाळा नाही म्हणून विज्ञान खडू-फळ्यावरच शिकवायचे, ही सबब या पुस्तकाने काढून घेतली.

भारतात याच वाटेवरचा सर्वांत धाडसी प्रयत्न मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात झाला. किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी १९७२ मध्ये १६ शाळांत सहावी ते आठवीसाठी हा विज्ञान-शिक्षणाचा कार्यक्रम सुरू केला. पुढे १९८२ मध्ये स्थापन झालेल्या एकलव्य संस्थेने तो सांभाळला. ‘बाल वैज्ञानिक’ या त्याच्या पुस्तकांत प्रयोग कसा करायचा ते होते आणि प्रश्न होते. उत्तर मुलांनी गटात प्रयोग करून आपापल्या वहीत लिहायचे. परीक्षेलाही पुस्तक व वही जवळ ठेवण्याची मुभा होती, त्यामुळे घोकंपट्टीला जागाच उरत नव्हती. २००२ मध्ये राज्य सरकारने हा कार्यक्रम बंद केला.

आरोग्यात अशीच दिशा दाखवली ती १९७९ च्या आंतरराष्ट्रीय बालवर्षानिमित्त बालरोगतज्ज्ञ डेव्हिड मॉर्ले आणि शिक्षणतज्ज्ञ ह्यू हॉज यांनी लंडनमध्ये उभ्या केलेल्या ‘चाइल्ड टू चाइल्ड’ कार्यक्रमाने. लहान भावंडांना सांभाळणारी मोठी मुले हीच आरोग्याची वाहक होऊ शकतात, हे त्याचे सूत्र. या संदर्भात मेक्सिकोतील अहोया गावच्या आरोग्य कार्यकर्त्यांशी जोडलेला भोपळ्याच्या बाळाचा पाठ मुद्दाम सांगण्याजोगा आहे. पोकळ, सुकलेल्या भोपळ्यावर चेहरा काढतात, खाली भोक पाडून बूच बसवतात, वरच्या भोकावर ओले फडके पसरतात आणि आत काठोकाठ पाणी भरतात. बूच काढले की ‘बाळाला’ जुलाब सुरू होतात, आणि पाणी उतरेल तसे फडके आत खचत जाते. टाळू खोल जाणे म्हणजे काय, ते मुलांना कुणी न सांगता दिसते. भोपळा नसेल तर प्लास्टिकची बाटलीही चालते.

यानंतर येणारी, जुलाबात गेलेले पाणी भरून काढणाऱ्या साखर-मिठाच्या पाण्याची कृती मुलांनी स्वतः मोजूनच करायला हवी: १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चहाचा चमचा मीठ. मीठ जास्त झाले तर ते बाळाला घातक ठरते. म्हणून पाणी अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये. साखर कशाला, हा प्रश्न मुले विचारतातच. लहान आतड्यात ग्लुकोजच्या जोडीने सोडियम शोषले जाते आणि त्यांच्यामागे पाणी जाते, हे उत्तर विज्ञानाच्या पुस्तकातले आहे. ते आरोग्याच्या पुस्तकात नसले, तर ही कृती नुसती पाककृती उरते.

चित्रांकडे लेखकांनी फार जपून पाहिले पाहिजे. आकृतीत शिरा निळ्या रंगवल्या की शरीरात निळे रक्त वाहते, अशी मुलांची समजूत होते. प्रत्यक्षात ते गडद लाल असते. पानभर काढलेल्या डासाशेजारी त्याचा खरा आकार दाखवला नाही, तर तो वेगळाच कुठला तरी प्राणी वाटतो.

काही चुका पिढ्यान्‌पिढ्या छापल्या जातात. जिभेच्या टोकाला गोड, कडेला आंबट आणि मागे कडू चव कळते, असा नकाशा त्यांपैकी एक. १९०१ मध्ये डेव्हिड हेनिग यांना जिभेच्या वेगवेगळ्या भागांच्या संवेदनक्षमतेत फक्त किंचित फरक आढळला होता. पुढच्या लेखनात त्याचे काटेकोर सीमा असलेल्या प्रदेशांत रूपांतर झाले. वास्तविक चवीच्या कलिका असलेल्या प्रत्येक भागाला सगळ्या चवी कळतात. हा नकाशा तपासायला साखरेचे पाणी, मिठाचे पाणी आणि कापसाचा बोळा लावलेली काडी एवढेच पुरते, आणि चौथीतले मूलही तो एका तासात खोटा ठरवू शकते.