केप टाउन आणि वेस्टर्न केपचा किनारा

वेस्टर्न केप हा दक्षिण आफ्रिकेच्या नैऋत्य टोकाचा प्रांत, राजधानी केप टाउन. डोंगराला टेकून बसलेलं शहर, त्याच्या दोन्ही अंगांना बीच, तासाभरावर द्राक्षमळे आणि पूर्वेकडे लांबवर जाणारा गार्डन रूट हा किनाऱ्याचा रस्ता असं सगळं इथे एकाच ट्रिपमध्ये बघता येतं. पण इथे वारा आणि समुद्राचं पाणी यांचंच राज्य चालतं, अटलांटिकच्या बाजूने बेंग्वेला हा थंडगार प्रवाह वाहतो तर हिंदी महासागराकडून अगुल्हास हा गरम प्रवाह येतो, आणि पाऊस पडतो तो जून ते ऑगस्टच्या हिवाळ्यात. त्यामुळे आपल्या मे महिन्याच्या सुट्टीत गेलात तर गारठा आणि पावसाची सुरुवात पदरात पडायची शक्यता जास्त, दिवाळीची सुट्टी कितीतरी बरी कारण तेव्हा तिकडे वसंत असतो.

शहरामागचा हा डोंगर म्हणजे टेबल माउंटन, साधारण १,०८५ मीटर उंच आहे, वर जायला १९२९ पासून केबल कार आहे. उन्हाळ्यात आग्नेयेकडून जोराचा वारा सुटतो आणि सपाट माथ्यावर ढगांची पांढरी चादर पसरते, दिसायला सुंदर पण वारा वाढला की केबल कार बंद. पॅकेज टूरमध्ये टेबल माउंटनसाठी एक ठरलेली अर्धी सकाळ ठेवतात ते मला अजिबात पटत नाही, शहरात तीन-चार दिवस हातात ठेवा आणि ज्या दिवशी आकाश मोकळं दिसेल त्या दिवशी आधी वर जा, बाकी सगळं नंतर. याच वाऱ्याला स्थानिक लोक केप डॉक्टर म्हणतात, शहरावरची घाण हवा उडवून नेतो म्हणून.

क्लिफ्टन आणि कॅम्प्स बे हे अटलांटिककडचे फोटोतले बीच, पांढरी वाळू, मागे डोंगर आणि समुद्रात मावळणारा सूर्य, पण पाणी भर जानेवारीतही इतकं गार असतं की बहुतेक जण गुडघाभर जाऊन परत येतात. पोहायचं असेल, सर्फिंग शिकायचं असेल तर फॉल्स बे या उपसागराच्या बाजूला म्युझेनबर्गला जावं. तिथून पुढे सायमन्स टाउनजवळ बोल्डर्स बीच आहे, तिथल्या आफ्रिकन पेंग्विनची वस्ती १९८० च्या दशकात सुरू झाली. हे पेंग्विन सार्डिन आणि अँचोव्ही खाऊन जगतात आणि ती मासळी कमी होत चाललीये, २०२४ मध्ये या जातीची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली, तेव्हा लाकडी वाटेवरूनच बघा, सेल्फीसाठी त्यांच्या अंगावर जाऊ नका प्लीज.

केप ऑफ गुड होप म्हणजे आफ्रिकेचं सगळ्यात दक्षिणेकडचं टोक असं पुष्कळांना वाटतं, ते खरं टोक म्हणजे केप अगुल्हास, इथून आग्नेयेला साधारण १५० किलोमीटरवर. पण इतिहास केप ऑफ गुड होपचाच मोठा, १४८८ मध्ये पोर्तुगीज दर्यावर्दी बार्तोलोमेव दियाश इथून वळसा घालून गेला, १४९७ मध्ये वास्को द गामा, आणि पुढे लिस्बनहून गोव्याला येणारी पोर्तुगीज जहाजं याच वाटेने येत राहिली.

शहरात बो-काप हा रंगीत घरांचा भाग सगळे बघतात, तिथली अव्वल मशीद १७९४ ची, देशातली पहिली. इंडोनेशिया, भारत, श्रीलंका, मादागास्करहून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांचे वंशज इथे राहतात. आपल्याकडच्या लोकांना बहुधा माहीत नसलेली गोष्ट म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून रत्नागिरी आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातून बरेच कोकणी मुसलमान केप टाउनला येऊन स्थायिक झाले, आणि डिस्ट्रिक्ट सिक्स, सॉल्ट रिव्हर या वस्त्यांमध्ये त्यांचीही घरं होती. १९६६ मध्ये वर्णभेदी सरकारने डिस्ट्रिक्ट सिक्स फक्त गोऱ्यांसाठी जाहीर केलं, साठ हजारांवर माणसं उठवली, घरं बुलडोझरने पाडली. तिथलं म्युझियम आणि रॉबेन आयलंडचा तुरुंग, जिथे मंडेलांनी तुरुंगवासाच्या २७ पैकी १८ वर्षं काढली, हे दोन्ही बघितल्याशिवाय केप टाउन कळत नाही असं मला मनापासून वाटतं. बेटावर जायची बोट समुद्र खवळला की रद्द होते, तिथेही वाराच.

वाइनचा भाग केप टाउनच्या पूर्वेला, स्टेलेनबॉश सुमारे ५० किलोमीटर. यान व्हान रिबेक १६५२ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीसाठी इथे उतरला आणि १६५९ मध्ये केपच्या द्राक्षांची पहिली वाइन झाली, स्टेलेनबॉश १६७९ चं, आणि फ्रान्समधून धर्मछळामुळे पळालेले ह्युगेनो म्हणजे फ्रेंच प्रोटेस्टंट १६८८ मध्ये आले त्यांचं फ्रान्सहूक. समुद्राकडून येणारा गार वारा उन्हाळ्यात मळे थंड ठेवतो म्हणून द्राक्ष सावकाश पिकतं. पिनोताज ही द्राक्षाची खास इथली जात, १९२५ मध्ये स्टेलेनबॉशलाच पिनो न्वार आणि सँसो यांच्या संकरातून झालेली, पण सगळ्यात जास्त लागवड शेनिन ब्लांक या पांढऱ्या द्राक्षाची आहे, जी नाशिकलाही चांगली रुजलीये. गंमत म्हणजे तोडणीचा हंगामही दोन्हीकडे साधारण जानेवारी ते मार्च, तिथे तो उन्हाळा आणि आपल्याकडे थंडीचा शेवट. टेस्टिंग करायचं तर गाडी स्वतः चालवू नका, फ्रान्सहूकमध्ये मळ्यामळ्यांतून फिरवणारी वाइन ट्राम आहे, ती घ्या.

झाडाफुलांची आवड असेल तर टेबल माउंटनच्या पूर्व उतारावरचं कर्स्टनबॉश उद्यान चुकवू नका, १९१३ चं आहे. केपच्या या छोट्याशा पट्ट्यात वनस्पतींच्या सुमारे ९,००० जाती आहेत आणि त्यातल्या बहुसंख्य जगात दुसरीकडे कुठेच उगवत नाहीत. व्हेलसाठी हर्मानस, जून ते नोव्हेंबर, सदर्न राइट व्हेल पिल्लांना घेऊन किनाऱ्याच्या इतक्या जवळ येतात की बोट न घेता कड्यावर उभं राहून दिसतात.

गार्डन रूट मोसेल बेपासून सुरू होतो, वाटेत विल्डरनेस, नायस्ना, प्लेटनबर्ग बे, आणि प्रांताची हद्द ओलांडली की त्सित्सिकामाचं जंगल आणि झुलता पूल. तिथे गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात त्यामुळे सेल्फ ड्राइव्ह जमतं, फक्त अंधार पडायच्या आत मुक्कामी पोचा आणि गाडीत बॅगा दिसतील अशा ठेवू नका.