अंडाशयातील साध्या गाठीची दुर्बिणीची शस्त्रक्रिया : धोके व सुरक्षितता (ग्रामीण विदर्भ)

अंडाशयात पाणी, रक्त किंवा चरबीसारखा पदार्थ साचून झालेली, कर्करोग नसलेली गाठ पोटावर तीन-चार छोटी छिद्रे पाडून काढण्याची पद्धत. पोटात कार्बन डायऑक्साइड भरून जागा केली जाते आणि बेंबीतून कॅमेरा आत जातो. कुटुंबनियोजनाच्या शिबिरांमुळे ‘दुर्बिणीचं ऑपरेशन’ विदर्भातल्या खेड्यापाड्यांत ओळखीचे झाले आहे; पण गाठ काढणे हे नसबंदीपेक्षा मोठे काम आहे. त्याला पूर्ण भूल लागते, वेळही जास्त लागतो.

पाळी चालू असलेल्या स्त्रीची पाच सेंटिमीटरहून लहान, साधी पाण्याची गाठ बहुधा दोन-तीन पाळ्यांत आपोआप जिरते. सोनोग्राफीत गाठ दिसली म्हणून लगेच ऑपरेशन, किंवा ‘पिशवीच काढून टाका’ हा सल्ला मुकाट्याने मानू नये. गर्भाशय काढणे हा अंडाशयाच्या गाठीवरचा उपाय नव्हे. गाठीला पीळ पडून एकाएकी असह्य दुखू लागले, तर मात्र तासाचाही उशीर नको.

पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेपेक्षा यात वेदना कमी, मुक्काम थोडा. गंभीर इजा हजारात दोघी-तिघींना होते: आतडे, मूत्राशय, मूत्रवाहिनी किंवा मोठी रक्तवाहिनी दुखावते. आधी सिझेरियन झालेले असल्यास आतडी चिकटलेली असू शकतात, म्हणून जुने टाके डॉक्टरांना दाखवावेत. अडचण आली तर पोट उघडावे लागते. त्याची संमती आधीच घेतलेली असते.

सर्वांत घातक ठरते ती आतड्याची न दिसलेली इजा. ती काही वेळा दोन-चार दिवसांनी, बाई घरी पोहोचल्यावर उघड होते. खांदा दुखणे वायूमुळे असते, एक-दोन दिवसांत थांबते. पण पोटदुखी दिवसागणिक कमी होण्याऐवजी वाढली, ताप, उलट्या, पोटफुगी सुरू झाली, तर ‘गॅस झाला’ म्हणून ओवा-सोडा देत बसू नये. १०८ला फोन करून शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठावे. गडचिरोलीत पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होऊ शकतो. अशा गावच्या बाईने पावसाळ्यात सुटी मिळाल्यावर काही दिवस रुग्णालयाजवळच नातेवाइकांकडे राहणे शहाणपणाचे.

सिकलसेल हा तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार पूर्व विदर्भाचा स्वतंत्र प्रश्न. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर भागांत तो बराच आढळतो. प्राणवायू कमी पडणे, शरीरातले पाणी घटणे, थंडी वाजणे यांनी अशा रुग्णाला तीव्र वेदनेचा झटका येऊ शकतो. म्हणून भुलेआधी रक्त तपासून घ्यावे, सिकलसेलचे कार्ड असल्यास भूलतज्ज्ञाला दाखवावे. हिमोग्लोबिन कमी असेल आणि घाई नसेल, तर ते आधी वाढवावे.

मूल हवे असलेल्या स्त्रीचे अंडाशय राखून फक्त गाठ काढतात. तरी चॉकलेट गाठ (जुने, घट्ट रक्त साचलेली) सोलताना बीजांचा साठा घटू शकतो. कापूस वेचणी, धानरोवणीसारखी वाकून करायची कामे आणि ओझी उचलणे डॉक्टरांनी सांगितल्यावरच सुरू करावे, साधारण दोन-तीन आठवड्यांनी. काढलेली गाठ पॅथॉलॉजीला पाठवतात; ती खरोखर साधी होती का, हे त्या अहवालावरूनच पक्के होते. तो गावी आपोआप येत नाही, मागून घ्यावा लागतो.