अकालजात अर्भकांचा लस-प्रतिसाद

गर्भधारणेचे ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळाचे शरीर बालवयातील लसींना कसा प्रतिसाद देते, हा नवजात वैद्यकातील व प्रतिरक्षाशास्त्रातील अभ्यासविषय. २८ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळाला अत्यंत अकालजात मानतात. मराठवाड्यात अशा बाळाला ‘कमी दिवसांचं लेकरू’ किंवा ‘सातव्यातलं’, ‘आठव्यातलं’ म्हणतात. कमी दिवसांचे आणि कमी वजनाचे (२,५०० ग्रॅमपेक्षा कमी) या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पूर्ण दिवसांचे बाळही आईच्या कुपोषणाने दोन किलोचे भरू शकते. बोलीत, आणि कधी कधी केसपेपरवरही, दोन्हींची गल्लत होते. लसीच्या बाबतीत ही गल्लत महाग पडते, कारण प्रतिसादाची क्षमता मुख्यतः दिवसांवर (गर्भातल्या आणि जन्मानंतरच्या) ठरते, तर लस पुढे ढकलण्याचे कारण म्हणून सांगितले जाते ते वजन.

सातव्या महिन्यातले बाळ जगते, आठव्यातले जगत नाही, ही समजूत मराठवाड्यात अजूनही ऐकू येते. तिचा उगम वादग्रस्त आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात आठव्या महिन्यात ओज (शरीराचे सारभूत बल) अस्थिर असते व म्हणून त्या महिन्यात जन्मलेले मूल जगत नाही, असे सांगितले आहे. हिपोक्रेटीसच्या नावावर मोडणाऱ्या ग्रीक लेखनातही आठव्या महिन्याच्या मुलाचा स्वतंत्र विचार आहे. सुश्रुतसंहितेच्या काळाविषयी अभ्यासकांत मोठे मतभेद असल्याने कोणी कोणाकडून घेतले, हे कालक्रमावरून ठरवता येत नाही. मात्र ग्रीक स्पष्टीकरण चाळीस-चाळीस दिवसांच्या टप्प्यांवर व गर्भाच्या आजारपणावर उभे आहे, तर भारतीय स्पष्टीकरण ओज या आयुर्वेदाच्या आतल्या कल्पनेवर. त्यामुळे दोन्ही समजुती स्वतंत्रपणे उद्भवल्या असाव्यात, हे मत अधिक पटते. आधुनिक अनुभव मात्र याच्या नेमका उलट आहे. आठवा महिना म्हणजे साधारण ३१ ते ३५ आठवडे, आणि या बाळांची तगण्याची शक्यता सातव्या महिन्यातल्यांपेक्षा पुष्कळच जास्त असते. ‘आठव्यातलं आहे, आत्ताच सुई नको’ असे म्हणणाऱ्या आजीबाईंच्या बोलण्यामागे हा जुना धागा असतो.

*शरीरक्रिया* : गर्भाला आईकडून मिळणारे संरक्षण मुख्यतः आयजीजी या प्रतिपिंडांचे असते. ते वारेतील एका विशिष्ट ग्राहीमार्फत (रिसेप्टरमार्फत) ओलांडून येतात. अशा ग्राहीची कल्पना ब्रॅम्बेल या ब्रिटिश शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या मध्यास मांडली. हे वहन सुमारे १३ व्या आठवड्यात सुरू होते, पण त्याचा जोर शेवटच्या तीन महिन्यांत असतो. २८ ते ३२ आठवड्यांच्या सुमारास गर्भातील पातळी आईच्या निम्म्यापर्यंत पोचते आणि पूर्ण दिवसांच्या बाळात ती आईपेक्षाही वर जाते. म्हणजे ३० व्या आठवड्यात जन्मलेले बाळ जवळपास अर्ध्या शिदोरीवर बाहेर पडते. ती शिदोरीही टिकाऊ नसते, दर तीन आठवड्यांनी साधारण निम्मी होते. गरोदरपणात आईला दिलेल्या धनुर्वात-घटसर्प लसीचा लाभही अशा बाळाला कमी मिळतो, कारण आईच्या शरीरात प्रतिपिंडे तयार होऊन ती ओलांडायला वेळच उरलेला नसतो. गोवराविरुद्धचे आईचे संरक्षणही याच कारणाने लवकर ओसरते आणि नऊ महिन्यांच्या लसीपर्यंतचा उघडा काळ लांबतो.

बाळाच्या स्वतःच्या रोगप्रतिकारक पेशींचे चित्र इतके निराशाजनक नाही. टी व बी पेशी कमी व अननुभवी असतात, हे खरे. पण जन्मानंतर जंतूंशी व अन्नाशी गाठ पडताच त्या झपाट्याने परिपक्व होऊ लागतात आणि हा बदल गर्भाच्या वयापेक्षा जन्मानंतर लोटलेल्या दिवसांशी अधिक जुळतो. लस जन्मतारखेपासून मोजून द्यावी, ‘दुरुस्त’ (म्हणजे प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजलेल्या) वयाने नव्हे, या नियमाचा आधार हाच आहे.

*वयाची मोजणी* : समजा, ३० आठवड्यांचे बाळ १ जानेवारीला जन्मले. प्रसूतीची मूळ अपेक्षित तारीख १२ मार्च होती. भारतीय वेळापत्रकाप्रमाणे सहा आठवड्यांचे डोस, म्हणजे पंचगुणी लस (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, हिपॅटायटिस बी व एचआयबी यांवरील), पोलिओ, रोटा व न्यूमोकोकल, १२ फेब्रुवारीला येतात. तेव्हा बाळाने अजून पोटातच असायला हवे होते. दहा आठवड्यांचा दुसरा डोस बरोबर १२ मार्चला येतो. ज्या दिवशी जन्मायचे, त्या दिवशी दुसरी सुई. घरच्यांना हे विपरीत वाटते, यात नवल नाही. मात्राही पूर्णच द्यायची असते. १९८० च्या दशकात अमेरिकेत अकालजात बाळांना त्रिगुणी लसीची (घटसर्प, डांग्या खोकला व धनुर्वात यांवरील) अर्धी मात्रा देऊन पाहण्यात आली. त्रास कमी व्हावा हा हेतू होता, पण प्रतिसाद अपुरा पडला आणि ती पद्धत मागे पडली.

*लसींनुसार प्रतिसाद* : धनुर्वात, घटसर्प व पोलिओ यांबाबत बहुतेक अकालजात बाळे संरक्षक पातळी गाठतात. प्रतिपिंडांची सरासरी मात्र पूर्ण दिवसांच्या बाळांपेक्षा कमी राहते.

हिपॅटायटिस बी हा अपवाद, आणि येथे वजन खरोखरच मोजले जाते. २,००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळात जन्मवेळच्या डोसला प्रतिसाद कमकुवत येतो. महिनाभराने तेच बाळ चांगला प्रतिसाद देते. म्हणून आईच्या रक्तात विषाणू नसल्यास हा डोस महिन्यावर किंवा घरी सोडतेवेळी देण्याची शिफारस आहे. आई बाधित असेल तर मात्र वजन न पाहता १२ तासांच्या आत लस व सोबत इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडे) द्यावे लागते, आणि तो डोस मोजणीत धरायचा नसतो. भारताच्या शासकीय कार्यक्रमात जन्मवेळच्या डोसनंतर ६, १० व १४ आठवड्यांना पंचगुणीतून आणखी तीन डोस मिळतातच. त्यामुळे पहिला डोस धरावा की नाही हा परदेशी ग्रंथांतला काथ्याकूट येथे आपोआप सुटतो.

बीसीजी या क्षयावरील लसीवरून दोन वाद आहेत. पहिला, केव्हा द्यावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या भूमिकेनुसार ३१ आठवड्यांपुढील निरोगी बाळास ती देता येते. दुसरा वाद मोठा आहे : बीसीजी क्षयाखेरीज इतर कारणांनी होणारे मृत्यूही कमी करते का? पश्चिम आफ्रिकेतील गिनी-बिसाऊ येथे पीटर आबी यांच्या गटाने कमी वजनाच्या बाळांना ती जन्मताच देऊन पाहिली. तीन चाचण्या एकत्र धरता पहिल्या महिन्यातील मृत्यू सुमारे ३८ टक्क्यांनी घटलेले दिसले. दक्षिण भारतात २,००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळांवरील दोन चाचण्यांत, ज्यांचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला, असा लाभ आढळला नाही. तेथे लसीतील जिवाणूचा रशियन वाण वापरला होता, गिनी-बिसाऊत डॅनिश. फरक वाणाचा की भोवतालच्या जंतुसंसर्गांचा, यावर एकमत नाही. वाणाचे स्पष्टीकरण आकर्षक असले तरी एवढ्या पुराव्यावर ते पक्के म्हणवत नाही. व्यवहारात अडचण निराळीच असते. बीसीजीची कुपी अनेक बाळांची असते, द्रावण केल्यावर चार तासांत टाकून द्यावी लागते, आणि एकट्या बाळासाठी ती फोडायला हात धजत नाही. ‘पुढच्या सत्राला या’ म्हटले जाते.

रोटाची लस तोंडावाटे दिली जाते व जिवंत विषाणूची असते. शासकीय कार्यक्रमात पहिली मात्रा वर्षापर्यंत चालते. खासगी बालरोगतज्ज्ञांच्या वेळापत्रकात ती १५ आठवड्यांच्या आतच सुरू करावी लागते, त्यामुळे दीर्घकाळ रुग्णालयात राहिलेल्या बाळाची संधी हुकू शकते.

*सुरक्षितता* : अत्यंत अकालजात बाळात लसीनंतर श्वास काही सेकंद थांबणे, हृदयाचे ठोके मंदावणे असे प्रकार दिसतात. हे प्रामुख्याने अजून रुग्णालयातच असलेल्या आणि आधीही असे झटके येऊन गेलेल्या बाळांत घडते. म्हणून तेथे पहिल्या डोसनंतर ४८ ते ७२ तास मॉनिटरवर लक्ष ठेवतात. घरी जाऊन रुळलेल्या बाळाला उपकेंद्रातली नेहमीची अर्ध्या तासाची थांबवण पुरते. सुई मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या भागात टोचतात. दीड किलोच्या बाळाची मांडी मोठ्या माणसाच्या अंगठ्याएवढी असते, स्नायू चिमटीत धरावा लागतो आणि सुई आखूड लागते.

*मराठवाड्यातील स्थिती* : छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूर व अंबाजोगाई येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आणि जिल्हा रुग्णालयांतील नवजात कक्ष येथे ही बाळे सांभाळली जातात. लोक त्याला सरसकट ‘पेटी’ म्हणतात : ‘लेकरू पेटीत आहे.’ पेटीतून घरी आल्यावर लसीचा हिशेब आशाताई व परिचारिकेकडे येतो.

बीड व आसपासच्या तालुक्यांतील ऊसतोड कुटुंबांत हा हिशेब विस्कटतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास नवरा-बायकोचा ‘कोयता’ मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात वा कर्नाटकात जातो आणि मार्च-एप्रिलच्या सुमारास परततो. वर मांडलेल्या १ जानेवारीच्या बाळाचे सहा व दहा आठवड्यांचे डोस नेमके कोपीवर (फडाजवळच्या झोपडीत) असताना येतात. कार्ड बहुधा गावी पत्र्याच्या पेटीत राहिलेले असते. लस कोणत्याही सत्रात कोणालाही मोफत मिळते, यू-विन या संगणकीय नोंदणीमुळे डोसची नोंदही आता गावाशी बांधलेली नाही. तरी कार्ड नाही, बाळ बारके, असे दिसताच ‘गावाकडं गेल्यावर घ्या’ किंवा ‘वजन भरू द्या’ हा सल्ला मिळतो. पंचगुणीसाठी किमान वजनाची अट कोणत्याही वेळापत्रकात नाही.

*पुढील मात्रा* : अकालजात बाळात सर्वांत उणा प्रतिसाद एचआयबी या मेंदूज्वर व न्यूमोनिया घडवणाऱ्या जंतूच्या लसीला आढळतो. फुप्फुसाच्या जुनाट विकारासाठी डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दिले गेले असल्यास तो आणखी घटतो. न्यूमोकोकल लसीतील काही प्रकारांबाबतही उणीव दिसते, पण शासकीय कार्यक्रमात तिची तिसरी मात्रा नऊ महिन्यांना असल्याने ती बरीच भरून निघते. एचआयबीचे तसे नाही. शासकीय वेळापत्रकात १६ ते २४ महिन्यांचा बूस्टर त्रिगुणीचा असतो, पंचगुणीचा नव्हे, म्हणजे त्यात एचआयबी नसते. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटना दुसऱ्या वर्षी एचआयबीचा बूस्टर सुचवते, पण तो खासगी दवाखान्यात विकत घ्यावा लागतो.